कंटिन्युइटीची वही

शिवडीच्या ज्या गोदामात आम्ही भुताटकी करायचो
तिथे आधी हळदीची पोती असत.
कितीही झाडलं तरी फटीफटींतून उडायचीच हळद,
आणि दीडशे वर्षांपूर्वी मेलेले आमचे रावबहादूर
संध्याकाळपर्यंत नवरदेवासारखे पिवळे व्हायचे.

'अवसेचं बिऱ्हाड'. सोमवार ते शुक्रवार, दुपारी अडीच.
माझं नाव अगदी शेवटी, तळातून वर सरकणारं,
आई चष्मा शोधेपर्यंत निघून गेलेलं:
कंटिन्युइटी – हेमलता चुरी.

म्हणजे वही घेऊन बसायचं.
मेणबत्ती किती बोटं उरली. रक्त कुठल्या गालावर.
कट झाला तेव्हा बाईसाहेबांचा पदर कुठे होता.
सुळे वरचे. एकदा खालचे लागले,
तसेच गेले घराघरात.

भिंती प्लायवूडच्या, दगडाचा रंग दिलेल्या.
दार आपटलं की अख्खा बंगला लटपटायचा,
तसबिरीतले पूर्वज माना डोलवायचे.
पुन्हा घ्यायचा का, मी विचारायचे.
आगाशे टेपकडे बघायचे, मग घड्याळाकडे:
बाई, माणसं रडतायत, भिंतीकडे कोण बघतंय?

काळाचौकीचा एक मुलगा बघत होता.
इयत्ता सहावी, पोस्टकार्डावर जांभळी शाई:
या आठवड्यात भिंत नऊ वेळा हलली.
गेल्या आठवड्यात सहा.
कृपया कमी करू नये.

तोच आता सिनेमा काढतोय. दाढीत पांढरे केस.
घरी आला, चहा निवू दिला,
वहीची पानं अशी उलटत होता
जशी कोणाची तरी पत्रिका बघावी.
मावशी, सगळं तसंच ठेवणार, म्हणाला.
मग जरा थांबून,
भिंत हलवायला मात्र निर्माते नाही म्हणतात.

लोअर परळला पहिला खेळ. जे रांग, सीट चौदा.
दगड खरा. समुद्र खरा, किंवा खऱ्याहून बरा.
नवे रावबहादूर व्यायाम केलेले,
पेटीतून उठतात ते घामाचा थेंब नाही.
धुकं कॉम्प्युटरचं,
पांढरंशुभ्र, कोणाच्या डोळ्यांत न जाणारं.

आमचं धुकं घमेल्यातल्या उदाचं.
इनास घोन्साल्विस त्यात उभा असायचा,
बूमचा बांबू डोक्यावर धरून, चार चार मिनिटं श्वास रोखून.
पहाटेच्या गाडीने वसईहून यायचा,
डब्याबरोबर केळीच्या सोपट्यात बांधलेली सुकेळी.
एक माझ्या वहीवर ठेवायचा, बोलायचा नाही.
आवाज घेणारा माणूस. स्वतःचा जपून वापरायचा.

गेला त्याला एकोणीस वर्षं झाली.
मातीला आम्ही सगळे होतो.
चर्चच्या आवारात भर उन्हात
रावबहादूरांना बघून पोरं पळाली होती.

मध्यंतरानंतर ते दार येतं. तळघराचं.
बिजागरी कुरकुरते,
आणि मी ताठ बसते, कारण हे दार नवं नाही,
हे आमचं आहे, गोदरेजच्या जुन्या कपाटाचं,
भाग दोनशे सत्तेचाळीस.
त्याने जुनी टेप लावलीय.
कुरकुर लांबत जाते, चारी भिंतींतून,
खुर्चीखालून, पाठीमागून,
आणि तिच्या शेपटीला, अगदी बारीक,
दाबून धरलेला, तरी सुटलेला
एक खोकला.

तीनशे माणसं गप्प.
तेव्हा मी वहीत लिहिलं होतं:
दारामागे खोकला. टेप उरली नाही. राहू दे.

शेजारची मुलगी, ओळख ना पाळख,
माझा दंड घट्ट धरते. नखं रुततात.
आजी, ते भूत होतं का?

नाही गं, मी म्हणते.
वसईचा आहे.